अनुमोदक

सूचक हवे तितके मिळतात. अडतं ते अनुमोदकापाशी.

शाळेच्या व्यवस्थापन समितीत ठराव मांडतो तो सूचक, आणि माझीही संमती आहे असं म्हणून हात वर करतो तो अनुमोदक. दोघांची नावं लागल्याशिवाय ठराव पुढे सरकत नाही, आणि ठराव सरकला नाही तर सभा संपत नाही. ठराव मांडायला लोकांना आवडतं, चार माणसांत उभं राहून बोलता येतं. पण अध्यक्षांनी "अनुमोदक?" असं विचारलं की सगळे आपापली नखं बघायला लागतात. मग माझा हात वर जातो. ठराव पटलेला असतो म्हणून नव्हे. मला घरी जायचं असतं.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर उभं राहून लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागे टोचतंय का विचारायचं, आरसा धरायचा, आणि शोभत नसेल तर ते गोड शब्दांत सांगायचं. संध्याकाळी पायांचे तुकडे पडलेले असतात. त्यात सभा. सभा भरते पहिलीच्या वर्गात, कारण शाळेत सगळे दिवे लागतात अशी तेवढी एकच खोली आहे. पहिलीच्या बाकांवर मोठी माणसं बसली की गुडघे हनुवटीला टेकतात. अशा अवस्थेत आम्ही शाळेचा कारभार हाकतो.

आम्ही म्हणजे मी आणि नवरा, दोघंही. एका घरातले दोन जण समितीत कसे, असं लोक विचारतात. त्याचं असं झालं, की पालकसभेला नवरा उशिरा पोहोचला. बाकं भरलेली होती म्हणून तो मागे भिंतीला टेकून उभा राहिला. नेमकं तेव्हाच मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, विचारलं, "समितीसाठी कोण उभं राहतंय?" सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. तो एकटाच उभा होता. टाळ्या पडल्या आणि तो निवडून आला. मग निम्म्या तरी बायका हव्यात असा नियम निघाला. बाकीच्या आयांनी कुणी सासू आजारी काढली, कुणी कामाची पाळी पुढे केली. मी हसत होते, कारण नवऱ्याची फजिती झाली होती. हसणारी बाई उत्साही वाटते. मोठ्या बाईंनी माझंही नाव लिहून टाकलं.

नवरा मोटार शिकवतो. त्याच्या गाडीत त्याच्या बाजूलाही एक ब्रेक आहे, आणि दिवसभर त्याचा उजवा पाय त्या ब्रेकवर. "हळू, हळू, समोर बघा, हळू" एवढं बोलूनच त्याचा घसा बसतो. आता तो पाय त्याच्या ताब्यात राहिलेला नाही. जेवताना मी आवाज चढवला की टेबलाखाली पाय दाबला जातो. समितीत कोणी घाईने काही ठरवायला लागलं की पहिलीच्या बाकाखाली पाय दाबला जातो. समितीतले त्याला ब्रेक म्हणतात. त्याला ते आवडतं, असं मला वाटतं.

आमची लेक चौथीत. सभेच्या संध्याकाळी तिला ठेवायला कोणी नाही, म्हणून तीही आमच्याबरोबर येते आणि शेवटच्या बाकावर दप्तर उशाला घेऊन बसते. आमच्या दोघांपेक्षा तिला सभेचं काम चांगलं समजतं. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, हे तिला कवितेपेक्षा आधी पाठ झालं. सगळ्यात शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' असतात. म्हणजे पत्रिकेत नसलेलं, मध्येच सुचलेलं कोणी काही बोलायचं असेल तर ते तेव्हा बोलायचं. तोपर्यंत सगळ्यांच्या पिशव्या खांद्याला लागलेल्या असतात. लेकीने तो शब्द घरी आणला. जेवण झाल्यावर, मी भांडी आवरत असताना, ती येऊन म्हणायची, "आई, एक ऐनवेळचा विषय आहे." मग कधी पट्टी हरवलेली असायची, कधी कोणाचा तरी वाढदिवस असायचा. आम्ही खूप हसायचो. दुकानात मी ते सगळ्यांना सांगितलं होतं.

तिच्याबद्दल अजून एक सांगायला हवं. तिच्या नावात दुसरी वेलांटी आहे. लोक सर्रास पहिली लिहितात, आणि तिला ते खपत नाही. डब्यावर, वहीवर, वाढदिवसाच्या केकवरसुद्धा तिने सुरीच्या टोकाने वेलांटी दुरुस्त केली होती. बेकरीवाल्या बाई आमच्या समितीत आहेत, केक त्यांच्याच दुकानातला होता. त्या म्हणाल्या, "पोरगी मोठी होऊन आपल्या सगळ्यांना सुधारणार." त्या पहाटे उठून भट्टी लावतात, त्यामुळे सभेत बसल्या बसल्या झोपतात. कोणी त्यांना उठवत नाही. त्यांचं मत नेहमी बहुमताबरोबर धरायचं, असं ठरूनच गेलंय.

पळण्याचा ठराव झाला त्या सभेत नवरा चिडूनच आला होता. दुपारी एका शिकाऊ बाईंनी ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबलं होतं आणि गाडी एका दुकानाच्या पायऱ्यांवर चढली होती. आमच्या आधी वर्गात एक वडील येऊन बसले होते, मांडीवर दुसरीतला मुलगा, मुलाच्या हाताला प्लास्टर. मधल्या सुट्टीत नळापाशी दोन मुलं पळताना धडकली होती. वडिलांनी फक्त मुलाचा हात बाकावर ठेवला. आम्हाला सगळ्यांना लाज वाटली.

अध्यक्षांचं औषधांचं दुकान आहे. गोळ्या कशा घ्यायच्या ते दोनदा सांगायची सवय जडल्यामुळे ते सगळंच दोनदा सांगतात. ते म्हणाले, "काहीतरी करायला हवं. करायला हवं काहीतरी."

तेव्हा नवरा उभा राहिला. उभा म्हणजे, बाकातून निघता येईल तितका. "सगळे अपघात वेगामुळे होतात," तो म्हणाला. "हे मी रोज शिकवतो. शाळेच्या आवारात मुलांनी पळू नये, असा ठराव मी मांडतो."

"अजिबात?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"अजिबात. अर्धवट नियम कोणी पाळत नाही."

"अनुमोदक?" अध्यक्ष म्हणाले. "अनुमोदक आहे का?"

सगळे नखं बघायला लागले. प्लास्टरवाला मुलगा जांभई देत होता. माझी टाच ठणकत होती, आणि घरी जाऊन कणीक मळायची होती. हात वर गेला. प्राथमिक शाळेत मुलांनी पळायचं नाही, हे वाक्य एकदा मनात उलटून बघावं, एवढीही शक्ती माझ्यात उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी फाटकाजवळच्या फळ्यावर ठराव लागला. मोठ्या बाईंचं अक्षर मोत्यासारखं. खाली नेहमीप्रमाणे सूचक म्हणून नवऱ्याचं नाव, अनुमोदक म्हणून माझं. मोठ्या माणसांनी तो फळा आजवर वाचलेला नाही. पण मुलांना शाळेत वाचायलाच शिकवतात.

आमची लेक पळणारी. चालत कुठे गेलेली मला आठवत नाही. बूट घेतले की अंगठ्यापाशी भोक पडायचं आणि मी कपाळाला हात लावायचे. त्या ठरावानंतर बूट टिकायला लागले. मी खूश. शेजारणीला म्हटलंसुद्धा, पोरगी आता वस्तू सांभाळायला लागली. डब्याचं नवीन झाकण आणलं, त्यावर दुकानदाराने नाव कोरताना पहिली वेलांटी काढली. मी म्हटलं, आता ही रुसणार. ती म्हणाली, "असू दे." मला वाटलं, समजूतदार झाली. इतकी दमलेली बाई काहीही समजून घेते.

मग एक दिवस दुकानात तिच्या वर्गातली एक मुलगी आली, आजोबांचं बोट धरून. पहिलाच चष्मा, त्यामुळे जरा घाबरलेली. मी तिच्या नाकावर फ्रेम ठेवली, कानामागची काडी सरळ केली. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही समितीची आई ना?"

मी हसले. म्हटलं, बघा, मुलांपर्यंत पोचलो आपण. "समितीतली," मी म्हणाले. "समितीतली आई. हो, मीच."

"तसं नाही," ती म्हणाली. "समितीची आई. समिती आमच्या वर्गात आहे."

आजोबा गालातल्या गालात हसले, मुलांचं काहीतरी असतं अशा अर्थाने. मी फ्रेम काढून पुसायला घेतली. ती पुसायची गरज नव्हती.

"समिती कोण?"

मुलीला वाटलं मी तिची परीक्षा घेतेय. तिने लेकीचं नाव सांगितलं. मग नाकावर फ्रेम नसतानाही चष्मा सरळ केल्यासारखं केलं. "ती आली की आम्ही सगळे हळू चालतो. हाताची घडी घालून. ती गेल्यावर मग परत पळतो. खेळच आहे तो. 'समिती आली' असं त्याचं नाव."

"आणि ती काय खेळते?"

मुलीने थोडा विचार केला. ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती. "ती नळापाशी उभी असते," ती म्हणाली.

मी त्यांना दुसरी फ्रेम दाखवली, तिसरी दाखवली. निळी छान दिसत होती. मी तसं सांगितलं आणि आरसा धरला.

संध्याकाळी नवरा दुकानाशी न्यायला आला. शिकवणीची गाडी, वर मोठी पाटी, मी नेहमीप्रमाणे चालकाच्या शेजारी, म्हणजे एरवी तो बसतो त्या बाजूला. लेक मागे झोपली होती, किंवा डोळे मिटून बसली होती. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. समोरच्या चौकात सिग्नल हिरवा असतानाही त्याने गाडी थांबवली. मागच्यांनी भोंगे वाजवले.

"मला वाटलं, वाचवतोय," शेवटी तो म्हणाला.

"मला काहीच वाटलं नव्हतं," मी म्हणाले. "तुला निदान काहीतरी वाटलं होतं."

"ठराव मागे घेऊ. पुढच्या सभेत."

"तू मांड. सूचक तू आहेस."

"मीच आणला आणि मीच मागे घेतला तर अध्यक्ष दोनदा हसतील," तो म्हणाला. चेष्टा करायचा प्रयत्न होता, जमला नाही. "तू मांड ना. तुझं ऐकतात. तू कधी काही बोलत नाहीस, म्हणून ऐकतील."

पुढच्या सभेची पत्रिका आधीच निघाली होती. म्हणजे ऐनवेळच्या विषयात मांडावा लागणार. ठीक आहे, मी म्हटलं. वाक्यही तयार केलं. मुलांना पळू द्यावं. एवढंच. त्यात काय कठीण.

सभेच्या आदल्या संध्याकाळी मी लेकीचे केस विंचरायला घेतले. खूप दिवसांनी. एरवी ती स्वतःच कसातरी पट्टा लावून जाते. गुंता होता. मी सावकाश सोडवत बसले.

"शाळेत कोणाबरोबर खेळतेस हल्ली?"

"सगळ्यांबरोबर."

"हो का."

कंगवा दोनचारदा फिरला. मग ती म्हणाली, "आई, आज सभा नाही ना?"

"आज नाही. उद्या."

"मग एक ऐनवेळचा विषय आहे."

आणि फोन वाजला. बेकरीवाल्या बाई होत्या. फाटकाला हिरवा रंग द्यायचा की निळा, यावर उद्या वाद होणार, तर आपण आधीच ठरवून जाऊ, म्हणजे त्यांना लवकर निघता येईल. मी एका हातात केस आणि एका हातात फोन धरून 'हो, हो' करत राहिले. मग लहान मुलांना कोणता रंग आवडतो यावर बोलणं गेलं. मग त्यांच्या भट्टीचं काहीतरी बिघडलं होतं ते आलं. दमलेली माणसं एकमेकांशी बोलायला लागली की थांबत नाहीत. फोन ठेवला तेव्हा लेक माझ्या मांडीवर झोपली होती, अर्धे केस सुटलेले, अर्ध्यांची वेणी. तिला उठवून विचारावं असं वाटलं. मग वाटलं, उद्या सभेत तर सगळं सुटणारच आहे. दिवा घालवला.

सभा नेहमीसारखीच झाली. इतिवृत्त वाचून कायम झालं. त्यात मागच्या पळण्याच्या ठरावाची तारीफ होती: तेव्हापासून एकही मूल पडलेलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "चांगलं काम झालं. काम चांगलं झालं." नवऱ्याने खाली पाहिलं. मग फाटकाचा रंग. हिरवा की निळा, इतका वेळ चालला की मला दोन्ही रंगांचा वीट आला. मग घंटेचा विषय. मग नळाच्या गळतीचा. 'नळ' म्हटलं की मला तिथे उभी लेक दिसत होती, आणि लोक गळतीबद्दल बोलत होते. लेक शेवटच्या बाकावर दप्तरावर हनुवटी टेकून बसली होती. मी एकदाच मागे पाहिलं.

"आता ऐनवेळचे विषय," अध्यक्ष म्हणाले. "काही नाही ना? नाही ना काही?" आणि पिशवीत चष्मा टाकला.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. माझं वाक्य तयार होतं. पण बेकरीवाल्या बाई जाग्या होऊन पदर सावरत होत्या. मोठ्या बाईंनी पेनाला टोपण लावलं होतं. आता मांडायचं म्हणजे कारण सांगायचं. कारण सांगायचं म्हणजे लेकीचं नाव घ्यायचं, प्लास्टरवाल्या मुलाचं नाव निघणार, मग वाद, मग मतदान. माझे पाय बधिर झाले होते. मी मनात म्हटलं, पुढच्या सभेत पत्रिकेवर रीतसर घेऊ. तेच बरं. आणि मान हलवली. नाही.

"आहे," मागून आवाज आला.

लेक उभी राहिली होती. "ऐनवेळचा विषय आहे. अध्यक्षांची परवानगी आहे का?"

सगळे हसले. प्रेमाने हसले, त्यात काही वाईट नव्हतं. अध्यक्षांनी हात जोडले. "आहे, आहे. परवानगी आहे."

"माझ्या आईला आणि बाबांना समितीतून कमी करावं, असा ठराव मी मांडते."

हसणं थोडं पुढे गेलं आणि मग थांबलं. बाकाखाली नवऱ्याचा पाय दाबला गेला, ते मला न बघता कळलं.

"का गं बाळा?" अध्यक्ष म्हणाले. या वेळी त्यांनी एकदाच विचारलं.

"कारण सांगावंच लागतं?"

"सांगितलेलं बरं असतं."

ती रडत नव्हती. इतिवृत्त वाचावं तसं तिने सांगितलं. "शाळेत मला कोणी नावाने हाक मारत नाही. समिती म्हणतात. मी गेले की सगळे पळायचे थांबतात. मी कधीच कोणाचं नाव सांगितलं नाहीये, तरी थांबतात." मग म्हणाली, "आणि घरी पण समितीच असते."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे तू मला का नाही सांगितलंस?"

"मी आईला सांगणार होते," लेक म्हणाली. "तिला फोन आला."

बेकरीवाल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. त्यांचा काय दोष. मला स्वतःची इतकी चीड आली की कान तापले. तिने तक्रार केली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तिने तक्रार केली नव्हती, काय झालं ते सांगितलं होतं.

अध्यक्ष खाकरले. ते वाईट गृहस्थ नाहीत. "हे बघ बाळा," ते म्हणाले, "ठराव सभासदांनीच मांडायचा असतो. सभासदांनी. आणि त्याला अनुमोदक पण लागतो."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि तशीच उभी राहिली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. फळ्याकडे बघत होती, तिथे पहिलीच्या मुलांनी बदक काढलं होतं.

काही सुचेनासं झालं की माणूस सवयीवर जातो. अध्यक्षांच्या तोंडून आपसूक निघालं, "अनुमोदक?"

सगळे नखं बघायला लागले. मोठ्या बाईसुद्धा. नवऱ्याचा पाय जमिनीत रुतेल इतका दाबलेला होता. त्याला सगळं तिथेच थांबवायचं होतं, ते मला कळत होतं. मलाही थांबवायचं होतं. पण तिथे कोणाच्याच बाजूला दुसरा ब्रेक नव्हता.

माझा हात वर गेला. दर वेळी तो घरी जायच्या घाईने जातो. या वेळी मला कसलीही घाई नव्हती. रात्रभर त्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसायची माझी तयारी होती.

"अनुमोदन," मी म्हणाले.

"अहो, तुमच्याच विरुद्धचा ठराव आहे," अध्यक्ष म्हणाले. "विरुद्धचा."

"हो. कळलं मला."

"नियमात बसत नाही."

"नसेल बसत. आम्ही तसेही राजीनामे देऊ, ते नियमात बसतील. पण हा ठराव लिहून घ्या. एवढे ठराव लिहिलेत, हाही लिहा."

नवऱ्याचा पाय सुटला. एवढा वेळ दाबलेला पाय सुटला की बाकाला हादरा बसतो, तसा बसला. "आणि तो पळण्याचा," तो म्हणाला. "तो माझा ठराव होता. तो मी मागे घेतो."

"तो विषय पत्रिकेवर घ्यावा लागेल," अध्यक्ष म्हणाले. "पुढच्या सभेत. पत्रिकेवर." असंच होणार होतं. शाळा चालते ती अशीच चालते. पण बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "घ्या पत्रिकेवर. मी जागी राहीन," आणि त्या हसल्या नाहीत.

मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं. पान उलटलं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, त्यांचाही दिवस सकाळपासूनच चालू होता. त्या लिहायला लागल्या आणि अडल्या. "सूचक म्हणून..." त्या म्हणाल्या, आणि लेकीकडे पाहून थांबल्या. त्यांना नाव आठवेना, हे सगळ्यांना दिसलं. इतकी मुलं असतात. किंवा त्यांच्याही जिभेवर तेच नाव आलं असेल.

मी उभी राहिले. पहिलीच्या बाकातून नीट उभं राहता येत नाही, गुडघा आपटला. मी लेकीचं नाव सांगितलं. हजेरीत असतं तसं, आधी तिचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मी ते इतक्या मोठ्याने सांगितलं की बाहेर व्हरांड्यात ऐकू गेलं असेल. हजेरी सोडली तर गेल्या कित्येक महिन्यांत त्या इमारतीत कोणी ते नाव घेतलं नव्हतं.

मोठ्या बाई लिहीत होत्या. लेक शेवटच्या बाकावरून निघून पुढे आली, दप्तर तिथेच टाकून. टेबलाशी टाचा उंच करून तिने पानावर वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिने त्या शब्दावर बोट ठेवलं.

"दुसरी वेलांटी, बाई," ती म्हणाली. "पहिली नाही."

मोठ्या बाईंनी खोडलं, आणि वर नीट लिहिलं.